छातीवरची चार अक्षरं काढून ठेवा: विवेकवादी सोबत्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रात गावोगावी विवेकवादाचं आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या माझ्या सोबत्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी एका निवासी शिबिराला मी गेले होते. शिबिर कुणाचं, कुठलं ते सांगत नाही. हा प्रकार मी नंतर आणखी दोन ठिकाणी पाहिला, त्यामुळे एकट्या त्या संयोजकांना दोष द्यायचा नाही. पहिल्या दिवशी सकाळी चहानंतर सगळ्यांना मोबाइलवर 'मायर्स-ब्रिग्ज' या व्यक्तिमत्त्व चाचणीची प्रश्नावली भरायला सांगितली. वीस मिनिटांत प्रत्येकाचा निकाल हाती आला: चार इंग्रजी अक्षरं, स्वभावाच्या चार जोड्यांतलं एकेक. ती स्केचपेननं कागदावर लिहून सगळ्यांनी टाचणीनं छातीवर लावायची होती. मग सत्र घेणाऱ्यांनी फळ्यावर 'आय-एन-टी-जे' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "आपल्यात हे जास्त सापडतील. नास्तिक माणूस मुळात टी असतो. विचार करणारा. एफ म्हणजे भावनेवर चालणारी माणसं, ती बहुधा पलीकडच्या बाजूला असतात."

माझ्या शेजारी आमच्या तालुक्यातली एक कार्यकर्ती बसली होती. वय तेवीस. तिच्या कागदावर तिसरं अक्षर एफ होतं. तिनं ओढणी पुढे घेऊन तो कागद झाकला. दोन दिवस ती गटचर्चेत बोलली नाही. परतीच्या एसटीत, बरंच अंतर गेल्यावर, तिनं मला विचारलं, "मॅडम, मी ह्या कामाची नाही का?"

म्हणून हे पत्र.

मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. व्यक्तिमत्त्व चाचण्यांचं प्रकरण दरवर्षी फळ्यावर मांडते. चळवळीतही तितकीच वर्षं आहे. त्यामुळे मला हे दोन्ही बाजूंनी लागलं.

आपण गावात कुंडलीबद्दल बोलायला उभे राहतो तेव्हा एक प्रयोग हमखास सांगतो. अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात त्याचं 'खास' स्वभाववर्णन ठेवलं आणि ते किती जुळतं याला 5 पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं फोररनं वर्तमानपत्रांच्या दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. आपण हे सांगतो आणि लोक हसतात. पण फोररनं मुलांना कुंडली दिली नव्हती, व्यक्तिमत्त्व चाचणी दिली होती, हे सांगताना आपल्या तोंडून निसटतं. त्याला इशारा द्यायचा होता तो आपल्या व्यवसायातल्या लोकांना. निकाल वाचून "अगदी माझ्यासारखं!" वाटणं हा चाचणी खरी असल्याचा पुरावा धरता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

शिबिरात दुपारी जेवताना मी चारपाच जणांना विचारलं की ही चाचणी खरी कशावरून? प्रत्येकानं तेच उत्तर दिलं: "अहो, वाचून बघा, शंभर टक्के मीच आहे." पत्रिका जुळल्याचं सांगणाऱ्या माणसाला आपण काय विचारतो? "जुळली असं तुम्हाला वाटलं, की तपासलं?" तो प्रश्न त्या मांडवात कुणी विचारला नाही.

तपासायचं कसं, हे तर आपल्याच महाराष्ट्रानं करून दाखवलं आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, 2008 मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्या मिसळल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवून हुशार कोण आणि मतिमंद कोण एवढंच ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून जेवढं साधेल त्याच्या पुढे त्यांचं यश गेलं नाही. त्या प्रयोगाचं मोठेपण मला निकालापेक्षा पद्धतीत वाटतं. आधी नियम लिहायचे, मग मोजायचं. चार अक्षरांच्या चाचणीलाही हाच नियम लावा, एवढीच माझी मागणी आहे.

लावून बघू. ही मायर्स-ब्रिग्ज चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी, स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 च्या पुस्तकातल्या कल्पना घेऊन, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. एवढ्यावरून चाचणी खोटी ठरत नाही. बिघाड पुढे आहे. काही अभ्यासांत असं दिसलं की थोड्या आठवड्यांनी तीच माणसं पुन्हा चाचणीला बसली तर जवळपास निम्म्यांचं एखादं तरी अक्षर बदलतं. मी स्वतः शिबिरानंतर तीन आठवड्यांनी, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, रात्री तीच प्रश्नावली पुन्हा भरली. माझी टी गेली, एफ आली. तीन आठवड्यांत माझा स्वभाव बदलला, की माझी देवाविषयीची मतं?

कारण गुंतागुंतीचं नाही. दहावीच्या निकालात 34 ला नापास आणि 36 ला पास. त्या दोन मुलांत फरक दोन गुणांचा, पण कागदावर एक इकडे, एक तिकडे. पास-नापास कुठेतरी ठरवावं लागतं म्हणून आपण ते सोसतो. स्वभावाचं तसं नाही. बहुतेक माणसं विचार आणि भावना या मोजपट्टीच्या मधोमध गोळा झालेली असतात, दोन टोकांना दोन ढीग पडत नाहीत. मधोमध रेघ मारली की 49 आणि 51 वेगवेगळ्या 'जातीचे' ठरतात. जात हा शब्द मी विचार करून वापरते आहे. माणसाला जन्मखूण लावून खोक्यात बसवायची सवय आपल्याला फार जुनी आहे, आणि तिच्याशी लढायला आपण या कामात आलो.

वर्गात मी मुलांना दोन शब्द वेगळे करून सांगते: विश्वसनीयता आणि यथार्थता. बाजारातला एखादा काटा दर वेळी किलोमागे शंभर ग्रॅम कमी दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, कारण रोज तेच दाखवतो. यथार्थ मात्र नाही. चार अक्षरांचा काटा पहिल्याच कसोटीवर डगमगतो. त्याच्या जोरावर "नास्तिक असे असतात" म्हणणं ही पुढची मजल. त्यासाठी पुरावा म्हणून जे दाखवलं जातं ते काय, तर नास्तिकांच्या गटांत फिरलेली मतचाचणी. ज्यांना अशा चाचण्यांची आवड, तेच ती भरणार. एकादशीला पंढरपुरात उभं राहून "महाराष्ट्रात किती जण माळकरी?" मोजावं, तसा हा प्रकार.

सगळ्याच चाचण्या अशा नसतात, हेही सांगायला हवं. मानसशास्त्रात ज्यावर जास्त भरवसा ठेवतात ते पाच घटकांचं प्रारूप: खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सलोख्यानं वागणं आणि चिंताळूपणा. यात माणसाला खोक्यात टाकत नाहीत, प्रत्येक पट्टीवर त्याची जागा सांगतात. पुन्हा मोजलं तर आकडा फारसा हलत नाही. बेल्जियमचे वासिलिस सारोग्लू यांनी 2010 मध्ये 19 देशांतले 71 नमुने एकत्र करून धार्मिकतेशी याचा संबंध तपासला. धार्मिक माणसं सलोखा आणि कर्तव्यदक्षता यांत किंचित वर दिसली. सहसंबंध (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पक्का संबंध) 0.2 च्या आसपास किंवा त्याहून कमी. 0.2 चा वर्ग करा: 0.04. म्हणजे माणसामाणसांतल्या धार्मिकतेच्या फरकापैकी शंभरात चार भाग स्वभावातल्या अशा एका गुणाशी जोडता येतात, शहाण्णव भाग दुसरीकडे शोधावे लागतात. छातीवर लावायला एवढं पुरत नाही.

आणि ते चार भागही सगळीकडे सारखे नाहीत. योखेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 66 देश-संस्कृतींतल्या तीस लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. जिथे समाजच धार्मिक, तिथे सलोख्यानं वागणारी माणसं जास्त धार्मिक दिसली. जिथे धर्माचा पगडा कमी, तिथे हा संबंध फिका पडला. साध्या मराठीत: चार लोकांबरोबर राहायला आवडणारा माणूस, चार लोक देवळात जात असतील तर देवळात जातो. यात देव मानण्याचा स्वभाव कुठे आला? तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून राहण्याचा स्वभाव झाला.

शिवाय आपल्याकडे ही मोजपट्टी लावताना हात आखडावा. 2019 मध्ये 23 विकसनशील देशांतल्या सुमारे 95 हजार लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी जाऊन समोरासमोर प्रश्न विचारले की ही पाच घटकांची प्रश्नावली जे मोजायचं ते नीट मोजत नाही, असं त्यात आढळलं. एक कारण आपल्याला पाठ आहे. घरी आलेल्या शिकलेल्या पाहुण्याला माणसं हो ला हो म्हणतात.

आता ज्या गोष्टीनं मला खरोखर झोप लागू दिली नाही, त्याबद्दल.

"खुल्या मनाची माणसं देव मानत नाहीत" हे वाक्य आपण किती सहज वापरतो! खुलेपणाची पट्टी उघडून प्रश्न वाचा. या क्षेत्रातल्या सर्वांत प्रतिष्ठित प्रश्नावलीत, खुलेपणाखाली, नैतिक प्रश्नांवर आपण धर्मगुरूंकडे निर्णयासाठी पाहावं का, अशा आशयाचं एक विधान आहे. 'हो' म्हटलंत की खुलेपणाचे गुण कमी. मग त्याच गुणांचा धार्मिकतेशी संबंध काढायचा आणि धार्मिक माणसं कमी खुली असतात असा शोध लावायचा. प्रश्नातच उत्तर पेरलं आणि पीक आल्यावर आश्चर्य केलं.

कॅनडाचे कीथ स्टॅनोविच आणि मॅगी टॉपलॅक यांची गोष्ट तर मी प्रत्येक शिबिरात सांगावी म्हणते. स्टॅनोविच हे विवेकी विचारपद्धती कशी मोजावी यावर आयुष्य घालवलेले संशोधक. त्यांच्या प्रश्नावलीत 'पुरावा मिळाला तर माणसानं आपल्या बिलीफ बदलाव्यात का' अशा धर्तीची विधानं होती. धार्मिक लोकांचे गुण फारच खाली येऊ लागले. संबंध इतका घट्ट की त्यांना स्वतःलाच संशय आला. त्यांनी आपलीच प्रश्नावली तपासायला घेतली. निघालं असं, की 'बिलीफ' हा शब्द वाचून धार्मिक माणूस देवावरच्या श्रद्धेचा विचार करत होता आणि धर्म न मानणारा माणूस हवामानाच्या किंवा राजकारणाच्या मतांचा. एकाला विचारलं, आईला सोडशील का? दुसऱ्याला विचारलं, छत्री बदलशील का? शब्द बदलून पाहिले तेव्हा तो घट्ट संबंध बराच सैल झाला. 2019 मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःच्या नावानिशी छापलं: चूक आमची होती, आणि आमच्यात धार्मिक सहकारी असते तर ती लवकर दिसली असती.

मराठीत तर हा खड्डा आणखी खोल आहे. बिलीफ म्हणजे काय लिहाल? मत? समजूत? विश्वास? श्रद्धा? शिबिरातल्या मराठी प्रश्नावलीत 'श्रद्धा' लिहिलं होतं. "नवी माहिती मिळाल्यावर मी माझ्या श्रद्धा सहज बदलतो." माझ्या शेजारच्या मुलीनं तिथे बोट थांबवलं, मला आठवतंय. तिनं 'असहमत' दाबलं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "माझी श्रद्धा माणसांवर आहे. ती का बदलू?"

आपल्याला आवडणारा आणखी एक शोध असाच विरला. 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात विल जर्व्हेस आणि आरा नोरेंझायन या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं की फ्रेंच शिल्पकार रोदँचा 'विचारमग्न' पुतळा नुसता पाहिला तरी लोकांची देवावरची श्रद्धा थोडी घटते. मी तो उताऱ्यासारखा वर्गात वाचून दाखवला होता. 2018 मध्ये नामवंत नियतकालिकांतले असे 21 प्रयोग पुन्हा करून पाहिले, 13 टिकले. हा टिकला नाही. जर्व्हेसनी ते मान्य केलं आणि स्वतःच 13 देशांत, भारतासकट, विश्लेषक विचार (मनात पहिलं आलेलं उत्तर थांबून तपासणं) आणि नास्तिकपणा यांचा संबंध तपासून तो दुबळा आणि चंचल असल्याचं लिहिलं. मी वर्गात दुरुस्ती केली. तुमच्यापैकी ज्यांनी तो प्रयोग भाषणात वापरला असेल, त्यांनीही करावी.

मग माणूस नास्तिक होतो कशानं? जर्व्हेस आणि सहकाऱ्यांच्या 2021 च्या, अमेरिकेतल्या 1400 हून अधिक लोकांच्या अभ्यासात सर्वांत मोठा धागा सापडला तो बालपणातला: आसपासची मोठी माणसं श्रद्धेसाठी स्वतः झीज सोसताना दिसली होती का? नुसतं बोलणं नव्हे, करणं. अमेरिकेचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे आणता येणार नाही. पण मला माझी आजी आठवली. पायाला जखम असताना ती आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत गेली होती. परत आली तेव्हा टाचेच्या भेगांत माती बसलेली, आणि चेहरा असा की आम्ही भांडणं विसरलो. तिच्यासमोर कुणी देव नाही म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. वडील मात्र सत्यनारायण घालायचे ते साहेबांना जेवायला बोलवायचं म्हणून. माझा अविश्वास सुरू झाला तो त्या पाटापासून. चार अक्षरांपैकी कुठलंही अक्षर तिथे नव्हतं.

आपल्या पूर्वसूरींना तरी कुठल्या खोक्यात बसवाल? आगरकर, 1888 मध्ये 'सुधारक' काढून जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेले. र. धों. कर्वे, 1927 पासून अखेरपर्यंत जवळपास एकट्यानं 'समाजस्वास्थ्य' चालवलेले. डॉ. श्रीराम लागू, आयुष्यभर भरल्या नाट्यगृहासमोर उभे राहिलेले आणि देवाला रिटायर करा म्हणालेले. आणि गाडगेबाबा, 'गोपाला गोपाला' म्हणत सगळ्या गावाला प्रश्न विचारणारे. अविश्वासाचा एक स्वभाव काढायचा तर यांतल्या कुणाकुणाला वगळावं लागेल?

हा खेळ निरुपद्रवी आहे असं काहींना वाटेल. खोक्याचं झाकण दोन्ही बाजूंनी लागतं. 2017 मध्ये जर्व्हेस आणि सहकाऱ्यांच्या आणखी एका अभ्यासात त्याच 13 देशांत दिसलं की क्रूर खुन्याचं वर्णन ऐकून लोक तो नास्तिकच असेल असा अंदाज सहज करतात. स्वतः नास्तिक असलेलेही करतात. 'नास्तिक असेच असतात' हे वाक्य आपल्याला ज्या तोंडानं बोलायचं, त्याच तोंडानं ते आपल्यावर येतं. चाचण्यांनी हे केलेलंही आहे. मिनेसोटा विद्यापीठात 1943 च्या सुमारास तयार झालेल्या एमएमपीआय या प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणीत 'सामान्य माणूस' कोण हे ठरवलं ते तिथल्या रुग्णालयात पेशंटला भेटायला आलेल्या नातेवाइकांवरून, आणि येशूच्या पुनरागमनावर विश्वास आहे का हेही त्यात विचारलं. पुढे अमेरिकेतल्या एका दुकान-साखळीनं सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी असेच प्रश्न उमेदवारांना टाकले. प्रकरण न्यायालयात गेलं. 1991 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं उमेदवारांच्या बाजूनं कौल दिला. चाचणीच्या 1989 च्या नव्या आवृत्तीतून धर्मविषयक प्रश्न काढले गेले होते. उद्या आपल्याकडे एखाद्या मुलाला 'सलोखा कमी, कारण नास्तिक' म्हणून नोकरी नाकारली तर आपण कुठल्या तोंडानं बोलणार? फळ्यावर दोन रेघा आपणच ओढल्या होत्या.

परत त्या मुलीकडे येते. शिबिरानंतर दीड महिन्यानं तिच्याबरोबर मी एका वस्तीवर गेले. पन्नाशीतल्या एका बाईंच्या डोक्यात नऊ वर्षांची जट होती. देवीची म्हणून तिला कात्री लागू नये असा धाक. मान एका बाजूला झुकलेली, रात्री कुशीवर झोपता येत नव्हतं. मी आधी दोनदा जाऊन आले होते. जट कशी होते, केसांत तेल, मळ, घाम कसा साठतो, सगळं शास्त्र समजावून सांगितलं होतं. बाईंनी चहा दिला आणि नाही म्हणाल्या.

या वेळी ती मुलगी बोलली. बोलली म्हणजे, पहिला तासभर बोललीच नाही. भाकरी थापायला बसली. मग म्हणाली, "मावशी, मी हात लावून बघू?" आणि त्या वासासकट ती जट तिनं मांडीवर घेतली, बाळाचं डोकं घ्यावं तशी. बाई रडायला लागल्या. नऊ वर्षांत कुणी हात लावला नव्हता, घरच्यांनीही नाही, देवीच्या भीतीनं. चौथ्या फेरीला त्यांनी स्वतः कात्री मागितली. कापताना मुलगी त्यांचा हात धरून बसली होती. नंतर त्यांनी मान दोन्हीकडे वळवून पाहिली, पुन्हा पुन्हा.

हे काम कुठल्या अक्षरानं झालं?

तर माझं मागणं एवढंच. पुढच्या शिबिरांत ही प्रश्नावली ठेवायचीच असेल तर ती फोररसारखी ठेवा: सगळ्यांना एकच निकाल द्या, गुण घ्या, मग सांगा. किंवा तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मोजा. नव्या कार्यकर्त्यांना गटांत वाटताना अक्षरं विचारू नका, त्यांना काय येतं ते विचारा. 'श्रद्धा' शब्द असलेलं कुठलंही भाषांतरित विधान छापण्याआधी एखाद्या माळकऱ्याला आणि एखाद्या नास्तिकाला शेजारी बसवून वाचून घ्या. आणि 'नास्तिक माणूस मुळात असा असतो' हे वाक्य आपल्या भाषणांतून, पत्रकांतून काढून टाका.

त्या मुलीचा कागद माझ्याकडे आहे, टाचणीसकट. तिनं एसटीतून उतरताना तो सीटवर ठेवला होता, मी उचलला. येत्या दिवाळीच्या सुटीत तालुक्याच्या शिबिरात जट निर्मूलनाचं सत्र ती घेणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला कळवावं.

आपली,
चळवळीतली एक शिक्षिका